रिळाला उरलेला दोरा

साल १९०८, गाव अमरावती. माघ सरत आलाय आणि परकोटाच्या आतल्या गल्ल्यांना सरकीचा वास आहे. बाजारातून परतणाऱ्या बंड्यांना चिकटलेला कापूस वाऱ्यानं सुटतो आणि तुमच्या बाह्यांवर येऊन बसतो. ज्या घराच्या छपरीत तुम्ही उभे आहात तिथली जमीन ताजी सारवलेली आहे. बाजेवर अर्धी शिवलेली गोधडी पसरलीय, कंदिलाची काच राखेनं पुसून ठेवलीय. बाजेखाली एक करडी मांजर बसली आहे. पुढचा पंजा ती पुन्हा पुन्हा तोंडावरून फिरवते, जीभ बाहेर काढते, आत घेते, आणि हनुवटीवरून लाळ गळते आहे.

घरची बाई गोधडी उचलून झटकते. बाजेच्या सुंभात बोटं घालून चाचपते. मग तिचं लक्ष मांजरीकडं जातं.

"सुई गियली वो मनीनं! दोऱ्यासकट गियली!"

तुम्ही आजच्या काळातून इथं आलात. खिशात फोन नाही आणि ज्याचं दार ठोठावावं असा मांजराचा डॉक्टर गावात नाही. बरोबर आहे ती एवढीच माहिती: दोरा गिळलेल्या मांजराच्या पोटात पुढच्या तीन-चार दिवसांत काय होतं.

मनी या घरात नुसती लाडाची नाही. बारा वर्षांपूर्वी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग उतरला आणि हळूहळू वऱ्हाडापर्यंत आला. प्लेग आधी उंदरांत पडतो आणि उंदरांवरच्या पिसवा तो माणसांत आणतात, हे प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी आत्ता कुठं पक्कं होत आलंय. आणि याच १९०८ साली अमरावतीचे सरकारी सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून सांगणार आहेत की मांजरं प्लेगला अडवतात, लोकांनी ती पाळावीत. आपल्याकडं प्लेग म्हटलं की पुणं आणि रँड आठवतो. अमरावतीच्या मांजरांचं हे पान कुणी उघडत नाही, याची मला खंत आहे. बाजेखाली बसलेला हा करडा जीव या घराची राखण आहे. त्याचं काही बरंवाईट झालं तर घराच्या काळजाला घोर लागणार आहे.

शेजारच्या बाया जमतात. एक म्हणते, "मिठाचं पानी पाजा, ओकून टाकीन." दुसरी एरंडेलाची बाटली आणायला पोराला पिटाळते. तुम्ही दोघींनाही थांबवता. मिठाचं पाणी मांजराच्या रक्तातलं मीठ धोक्याच्या पलीकडं नेतं, आणि उलटी झालीच तर सुई वर येताना अन्ननलिकेत रुतते. एरंडेल जबरदस्तीनं ओतलं तर घशातून फुप्फुसात उतरतं. बायांना तुमचं बोलणं पटतंच असं नाही, पण तुमचा चेहरा पाहून त्या गप्प बसतात.

तुम्ही जमिनीवर बसता. मनीला जुन्या लुगड्यात गुंडाळायला सांगता, चारी पाय आत आणि डोकं तेवढं बाहेर. एका हातानं वरचा जबडा धरायचा, दुसऱ्या हाताच्या बोटानं खालचा जबडा उघडायचा, आणि त्याच हाताचा अंगठा हनुवटीखालच्या मऊ जागेत, दोन हाडांच्या मधे, हलकेच वर दाबायचा. जीभ उचलली जाते. बाई कंदील जवळ आणते. जिभेच्या खाली, अगदी मुळाशी, एक पांढरी रेघ दिसते. दोऱ्याचा फास तिथं अडकलाय, आणि त्याची टोकं घशातून खाली अंधारात गेली आहेत.

"हा काय दिसते दोरा! ओढ ना, येते बाहीर," म्हातारी सासू मागून म्हणते.

तुमचा हातही पुढं होतो. कुणाचाही होईल. दोरा दिसतोय, बोटाच्या टप्प्यात आहे, मांजर तडफडतंय. या क्षणी हात आवरा. या सगळ्या प्रवासात तुम्हाला करायची सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे.

बाई तुमच्याकडं बघते. तिला कारण हवंय, आणि तिच्या हाती सुई-दोरा आयुष्यभर आहे, म्हणून तिला ते चटकन कळेल. तुम्ही सांगता: लेंग्याची नाडी ओढली की नेफ्याला चुण्या पडतात ना? मनीच्या जिभेवर मागं वळलेले बारीक काटे आहेत. अंग चाटताना तेच काटे कंगव्यासारखे चालतात, पण त्यावर दोरा चढला तर तिला तो थुंकता येत नाही, आतच सरकवावा लागतो. आता दोऱ्याचा मधला भाग जिभेला बांधल्यासारखा झालाय आणि बाकीचा आतड्यात उतरणार. आतडं आपलं काम करणार, आलेली वस्तू पुढं ढकलणार. दोरा अडकलेला, तो पुढं जात नाही. मग आतडंच दोऱ्यावर चढत येतं, नेफा नाडीवर गोळा होतो तसं. मीटरभर लांबीचं आतडं मुठीएवढ्या चुण्यांत आवळलं जातं. आणि ताणलेला दोरा आतल्या बाजूला घासत राहतो. उकडलेलं अंडं दोऱ्यानं कापता ना तुम्ही? तसा. भोक पडलं की आतली घाण पोटात पसरते. हे व्हायला दोन-चार दिवस लागतात. बाहेरून ओढलं तर तेच काम एका झटक्यात होऊ शकतं.

बाई काही बोलत नाही. ती रीळ उचलते, उरलेला दोरा उलगडून हातावर मोजते. कोपरापासून बोटांपर्यंत, एक, दोन, तीन. मग म्हणते, "कालच नवं रीळ काढलं होतं. गोधडीत किती गेला ते मले ठाऊक हाय. दीड हात कमी भरते."

हे वाक्य लक्षात ठेवा. ते तुम्हाला परत जाताना बरोबर न्यायचं आहे.

आता तुमच्या माहितीची हद्द येते. व्युर्ट्झबुर्गमध्ये राँटगेनना क्ष-किरण सापडून तेरा वर्षं झालीत, पण ते यंत्र या गल्लीत येणार नाही. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकाचं कॉलेज आहे. बडनेऱ्याहून आगगाडीनं तिथवर जायचं म्हटलं तर साडेसहाशे किलोमीटरांची वाट आहे, आणि देशातलं सगळं पशुवैद्यक अजून बैल, घोडे आणि बुळकांडीभोवती फिरतंय. क्लोरोफॉर्म आहे, पण मांजराच्या बाबतीत तो किती आणि कसा द्यायचा यात जीव जाण्याचा धोका मोठा. समजा कुणी पोट उघडलंच, तर जखम चिघळू नये म्हणून द्यायला प्रतिजैविक नाही. पेनिसिलीन दिसायला अजून वीस वर्षं आहेत. शिरेतून सलाईन देऊन मांजर तगवायची सोय नाही.

म्हणून तुम्ही मनीपाशी थांबता.

पहिल्या रात्री ती दोनदा ओकते, नुसता फेस. दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करलेली भाकर पुढं ठेवली तर वास घेऊन मान फिरवते. संध्याकाळी पाणी पिते आणि लगेच बाहेर टाकते. तिसऱ्या दिवशी ती दिसेनाशी होते. शोधल्यावर कणगीमागं, भिंतीला पाठ लावून, पंजे पोटाखाली घेऊन बसलेली सापडते. मांजर दुखणं दाखवत नाही. दुखणं घेऊन ते अंधारात जातं, आणि आपण समजतो की ते शांत झोपलंय. बाई पोटाला हात लावते तेव्हा ती पहिल्यांदाच गुरगुरते. पोट टणक लागतं. चौथ्या दिवशी पहाटे कणगीमागून काहीच आवाज येत नाही.

अंगणात चिंचेखाली खड्डा खणून झाल्यावर बाई विचारते, "मी तो दोरा ओढला असता तं वाचली असती का वो?"

नाही, तुम्ही सांगता.

"मंग काय केलं असतं तं वाचली असती?"

तिच्या सालात या प्रश्नाला उत्तर नाही. तुमच्या सालात आहे. निघा.

परतीच्या वाटेवर सालं भराभर सरतात. फिलाडेल्फियात शेव्हालिए जॅक्सन नावाचा घशाचा डॉक्टर माणसांनी गिळलेल्या आणि श्वासात ओढलेल्या वस्तू लांब नळीतून बाहेर काढतोय आणि एकही टाकून देत नाही. सेफ्टी पिना, बटणं, नाणी, हाडं अशा २,३७४ वस्तू तिथल्या म्युटर संग्रहालयाच्या खणांत आजही मांडून ठेवल्या आहेत. १९२८ ला लंडनमध्ये फ्लेमिंगच्या काचेच्या ताटलीत बुरशी येते. १९५७ ला बॅझिल हिर्शोविट्झ वाकणाऱ्या काचतंतूंची दुर्बीण पोटात उतरवतो. १९६२ ला केटामाइन तयार होतं, आणि पुढं जगभरच्या मांजरांना भूल देताना तेच कामी येतं. सोनोग्राफी येते. यातलं जवळजवळ काहीच मांजरासाठी शोधलं गेलेलं नव्हतं. तरी ते सगळं आता मांजरापर्यंत पोचलंय.

आणि तुम्ही तुमच्या घरात आहात. ट्यूबलाइट चालू आहे. घड्याळात रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं. सोफ्यावर सकाळच्या शर्टाचं बटण लावायला घेतलं होतं. सुई दिसत नाही. रीळ जमिनीवर घरंगळलंय. सोफ्याखाली तुमची मांजर बसली आहे, लाळ गळतेय, आणि पंजा तोंडावरून फिरतोय.

उठल्या उठल्या घड्याळ पाहा आणि वेळ लिहून ठेवा. दोरा किंवा सुई आणखी कुठं पडली असेल तर ती आधी उचला. मांजर पुन्हा त्याच्याशी खेळायला येईल. कुणीतरी तिला मांडीवर किंवा टोपलीत धरून बसा. ती धडपडून श्वास घेत असेल, हिरड्या निळ्या पडत असतील, तर गोष्ट वेगळी: घशात एखादी टणक वस्तू स्पष्ट दिसत असेल आणि सहज हाती येत असेल तर काढा, न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोटं खुपसू नका, आणि गाडी काढा. श्वास नीट चालू असेल तर अमरावतीत शिकलात तसं एकदा जिभेखाली बघा. ती चावण्याच्या बेतात असेल तर तेही राहू द्या, डॉक्टर बघतील. दोरा दिसला तर ओढू नका, कापूही नका. कापलेलं टोक आत सरकलं तर तो कुठं अडकलाय याची खूण तुम्हीच पुसून टाकता. शेपटीखालून लोंबणाऱ्या दोऱ्यालाही हाच नियम. तिथं हात लावायचा मोह फार होतो, घाण वाटते म्हणून. आतला भाग अजून आतड्याच्या चुण्यांत गुंतलेला असू शकतो.

उलटी करवू नका. मीठ नाही, आणि कुत्र्यांसाठी कुठं कुठं सांगतात ते हायड्रोजन पेरॉक्साइडही नाही. मांजराच्या जठराला त्यानं रक्तबंबाळ सूज येते. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, आणि टोकदार वस्तू असेल तर ते बहुधा नको म्हणतील. तूप, तेल, केळं, भात घालून वस्तू "सरकवायचा" विचार करू नका. खायला काहीच देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. दुखत असेल म्हणून माणसांची गोळी मुळीच देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. तिचं यकृत ते औषध पचवू शकत नाही.

मग फोन करा. आणि फोन करताना अमरावतीच्या बाईसारखं रीळ हातात घ्या. किती दोरा कमी आहे? सुई लांब होती की आखूड? दोरा सुती की नायलॉनचा? किती वाजता? शेवटचं खाणं कधी झालं? दवाखान्यात जाताना तेच रीळ आणि तशीच दुसरी सुई बरोबर न्या. ती बाई कुठल्याच यंत्राशिवाय जे करू शकली, ते आजही डॉक्टरांच्या सगळ्यात उपयोगी पडतं. एक्स-रेवर सुई पांढरीशुभ्र, ठळक दिसते. दोरा दिसतच नाही. तो आहे हे फक्त तुम्ही सांगू शकता. पुढं सोनोग्राफीत आतड्याला पडलेल्या चुण्या दिसतात, त्यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. पण पहिल्याच तासात गेलात तर चुण्या पडलेल्याच नसतात, म्हणून "एक्स-रेत काही नाही" हे उत्तर तुमच्या साक्षीशिवाय अपुरं असतं.

लवकर पोचलात तर सुई-दोरा अजून जठरातच असण्याची शक्यता मोठी. जिथं एंडोस्कोप आहे तिथं भूल देऊन तोंडावाटे तो काढता येतो, पोटाला चीर न देता. जिभेखालचा फास डॉक्टर भुलीखाली सोडवतात. आतड्यात उतरला असेल तर ऑपरेशन, आणि लांब दोरा एका चिरेतून निघत नाही. कधी जठराला एक आणि आतड्याला दोन-तीन चिरा द्याव्या लागतात. प्रत्येक चीर हा पुढच्या बरं होण्यातला धोका आहे. भोक पडायच्या आधी झालेलं ऑपरेशन बहुतेक मांजरं निभावतात. पोटात घाण पसरल्यावर तेच ऑपरेशन जुगार होतं. मधे फरक असतो तो दिवस-दोन दिवसांचा, आणि हे दिवस आपणच घालवतो. मांजर उपाशी राहिलं की दोन-तीन दिवसांत यकृतात चरबी साठू लागते, म्हणजे पहिल्या दुखण्याला दुसरं जोडलं जातं.

"सकाळपर्यंत बघू" हे वाक्य रात्री पावणेबाराला घराघरांत बोललं जातं. मी ते पुष्कळ ऐकलंय. गुळगुळीत मणी किंवा छोटा प्लास्टिकचा तुकडा असेल, मांजर खातंपितं असेल, तर डॉक्टरच कधी म्हणतात की थांबू, शी तपासत राहा, परत एक्स-रे काढू. ते थांबणं वेगळं, त्यात पहारा असतो. दोरा, सुई, रिमोटमधला बटण सेल आणि लोहचुंबक यांच्याबाबतीत सकाळची वाट पाहू नये, हे माझं ठाम मत आहे. बटण सेल ओल्या जागेत अडकला की काही तासांत तिथलं मांस जाळतो. दोन चुंबकं आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना चिकटतात आणि मधली भिंत मरते. घरचे डोळे हे पाहू शकत नाहीत.

आपल्या घरांत दोरा कुठं कुठं असतो ते मात्र पाहू शकतात. केसांतून काढून ड्रेसिंग टेबलावर टाकलेल्या गजऱ्याचा. राखीचा. संक्रांतीनंतर गच्चीत उरलेला मांजा. समईतली तेलात भिजलेली वात, जिला तुपातेलाच्या वासानं मांजर ओढून नेतं. लेंग्यातून निघालेली नाडी, केसांचं रबर, भेटवस्तूची चकचकीत फीत, खाटकानं मटणाच्या पुडक्याला बांधलेली सुतळी. अर्ध्या वाती, अर्धे गजरे रोज कचऱ्याच्या डब्यात उघडे पडलेले असतात. झाकणाचा डबा घ्या, एवढं तरी होईल.

मी हे लिहीत असताना त्या बाईचा प्रश्न मनातून जात नाही. तिच्याकडं नजर होती, तिनं वेळेत ओळखलं, हात आवरला, दोरा मोजला. तिच्या बाजूनं काहीच कमी पडलं नव्हतं. कमी पडलं ते साल.

तुमचं साल तसं नाही. जवळचा रात्री उघडा असणारा जनावरांचा दवाखाना कोणता, हे आजच शोधा आणि त्याचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा. मांजराला नेण्याची टोपली माळ्यावर असेल तर ती खाली काढा. आणि झोपायला जाण्यापूर्वी एकदा बघा, शिवायची सुई डबीत परत गेली आहे का.